डाव्या हाताची भातवाढी

सुतारकामाच्या वर्गात नाव घातलं होतं नवऱ्याने. गेले मात्र मी. तो एका शनिवारी जाऊन आला, दोन दिवस कंबर धरून बसला आणि म्हणाला, "तूच जा. तुला जरा घराबाहेर पडायला हवंय." हे खरं होतं, म्हणून मला राग आला. माझा राग तसा नाकावरच असतो, आणि कोणी खरं बोललं की जास्तच लवकर येतो.

घराबाहेर पडायला हवं होतं, कारण घरात आई होती. दीड वर्षापूर्वी पुण्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय सुधारला, उजवा हात राहिला. तो हलायचा, पुढे यायचा, पण बोटं कशावर घट्ट मिटायची नाहीत. तेव्हापासून माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, तिला आपल्या घरी सांभाळलं होतं. मग मी म्हटलं, आता तीन महिने माझ्याकडे पाठव. व्हिसा तेवढ्याच दिवसांचा मिळतो.

आईला जायचं होतं तिच्या कोथरूडच्या घरी. दुसरं काही ती मागतच नव्हती. ताईचं म्हणणंही सरळ होतं. "स्वयंपाकाला बाई मिळेल, धुण्याभांड्यांना मिळेल. पण दोन्ही वेळा ताट वाढून द्यायला कोण येऊन बसणार? आईला स्वतःचं स्वतः वाढून घेऊन जेवता आलं, तर खुशाल जाऊ दे. नाहीतर ते घर बंद करू." तीन महिन्यांत काय ते ठरायचं होतं. आईला हे ठाऊक होतं आणि ती त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती.

माझी आई स्वयंपाक बरा करायची, पण वाढायची मात्र अप्रतिम. वाटी आधी पाण्यातून काढायची, तिच्यात भात दाबायची आणि ताटात उपडी करायची. मूद अशी उभी राहायची की मोडायला जिवावर यावं. मीठ वर, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. यात तिची कधी चूक झाली नाही. कोणाला आणखी हवंय आणि कोण नुसतं 'नको नको' म्हणतंय, हे तिला चेहरा न बघता कळायचं. विमानतळालगतच्या बाडहूव्हडॉर्प या डच गावातल्या आमच्या घरी आता मी वाढत होते. आई टेबलाशी पाहुण्यासारखी बसायची. उजव्या मुठीत चमचा अडकवून घ्यायची, त्यातला अर्धा घास तोंडाशी जाईपर्यंत सांडायचा. धडधाकट डावा हात मांडीवर पदराखाली असायचा.

"डाव्या हाताने घे ना," मी म्हणायचे.

"डाव्या हाताने अन्न?" एवढंच. सुंभ जळेल, पीळ जळणार नाही.

हे तिने मला म्हणावं याला एक इतिहास आहे. मी जन्माने डावखुरी. शाळेत जायच्या आधीच आईने मला त्यातून 'बरं' केलं. जेवायला बसलं की माझ्याच केसांची लाल रिबीन घ्यायची आणि डावा हात मागे नेऊन फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायची. मारलं कधीच नाही. बांधायची, आणि मग गाठ काचत नाही ना, म्हणून एक बोट आत घालून बघायची. "मुलीची जात. उद्या सासरी पंगतीत डाव्या हाताने वाढशील?" ताटाला डावी बाजू चालत होती, वाढणाऱ्या हाताला नाही. मी शिकले. उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने वाढते. स्लोटरडाइकच्या ऑफिसात माउससुद्धा उजवीकडे आहे. आपण कधी डावखुऱ्या होतो हे मी विसरलेही होते.

तर वर्ग. डेल्फ्टमध्ये घरांच्या एका ओळीमागे, पूर्वी सायकली ठेवायची असावी अशी लाकडी खोली. शिकवणारे जपानी गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले, डच बायकोमुळे तरुणपणीच इकडे येऊन राहिलेले. मी मनात त्यांना गुरुजी म्हणायचे. त्यांना इंग्रजी यायचं नाही, मला जपानी. बोलायचो डचमध्ये. त्यांचं डच पन्नास वर्षांनंतरही मोडकं, माझं परीक्षा पास होण्यापुरतं. त्यामुळे आमचं जमलं. मोडक्या भाषेत उगाचचं बोलता येत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "उजवा की डावा?"

"उजवा," मी म्हटलं. विचारसुद्धा केला नाही.

त्यांनी एक सुरी दिली. मूठ नाही, नुसती पोलादाची पट्टी, टोकाला तिरकी धार. या सुरीला धार एकाच अंगाला असते, म्हणून उजव्या हाताची सुरी वेगळी आणि डाव्या हाताची वेगळी. त्यांची करवत आणि रंधाही उलट्या चालीचे. आमच्या घरी खिडक्या दुरुस्त करायला येणारा सुतार रंधा पुढे ढकलायचा. इथे आपल्याकडे ओढायचा. मी सवयीने ढकलायचे आणि रंधा लाकडात रुतून बसायचा. "ओढा, मेव्हरौ," गुरुजी म्हणायचे; मेव्हरौ म्हणजे बाईसाहेब. "लाकडाशी भांडायचं नाही. ये म्हणायचं." मी ऑफिसात, घरात, महापालिकेच्या खिडकीवर, सगळीकडे ढकलूनच कामं केलेली. मला ये म्हणायची सवय नव्हती.

लाकूड होतं शेजाऱ्याच्या बागेतल्या नासपतीच्या झाडाचं. वादळात पडलेलं. गुरुजींनी त्याचा एक ओंडका उभा फोडला आणि त्याचे दोन अर्धे केले, एक मला दिला, दुसरा फळीवर ठेवला. "काय करणार?" त्यांनी विचारलं.

भिंतीवर त्यांच्या हातच्या वस्तू टांगल्या होत्या. जेवायच्या लांब काड्या, चपटे कालथे, मिसोचं सार ढवळायची पळी आणि भातवाढ्या. आपली भातवाढी स्टीलची असते. त्यांची लाकडी, तळहाताएवढी, चपटी, भाताचं शीत न मोडणारी. गुरुजी ती त्यांच्या पद्धतीने करायचे. एका अंगाची कड तिरकी उतरवलेली, म्हणजे पातेल्याच्या बुडाशी सपाट लागते, आणि दांड्यावर अंगठा टेकायला उथळ खोबण; म्हणून हीसुद्धा उजव्या हाताची वेगळी, डाव्या हाताची वेगळी. ज्यांची पकड गेली आहे अशांसाठी दांडा जाड ठेवायचे. मी एक हातात धरून पाहिली आणि ठरवलं, आईला ही करून द्यायची.

गुरुजींना आईचं सांगितलं. ते म्हणाले, हाताचा आकार आणा. त्या संध्याकाळी मी कागदावर आईचा उजवा हात पसरला आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. आईला गुदगुल्या झाल्या. ती हसली. तिला माझ्या घरी आल्यापासून प्रथमच हसताना पाहिलं आणि मला वाटलं, जमतंय.

गुरुजींनी कागद बराच वेळ पाहिला. "हा हात झोपलाय," ते म्हणाले. "दुसरा?"

"दुसरा नको. हा बरा होणार आहे."

त्यांनी कागदाची घडी करून मला परत दिली.

पुढचे शनिवार बसने स्किपोल विमानतळ, तिथून गाडीने डेल्फ्ट. कामात मात्र प्रगती शून्य. सुरी सटकायची, कडेला चिरा जायच्या. चौथ्या शनिवारी एक जागा मुळीच सुटेना. मी चिडले आणि नकळत सुरी दुसऱ्या हातात घेतली. उलट्या धारेची सुरी, तरीही एक लांब पातळ पापुद्रा निघाला आणि गोल गुंडाळून मांडीवर पडला. गुरुजी पलीकडून बघत होते. ते उठले, खणातून दुसरी सुरी काढली, माझ्यासमोर ठेवली आणि परत आपल्या जागी जाऊन बसले. डाव्या हाताची सुरी.

चहा पिताना त्यांनी आपले हात टेबलावर ठेवले. लहानपणी त्यांच्या आईनेही काड्या डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिल्या होत्या, रोज, प्रत्येक जेवणाला. अजून ते जेवतात उजव्या हाताने, लाकूड कापतात डाव्याने. पळसाला पानं तीनच, पुणं काय आणि जपान काय.

त्या दिवसापासून काम पळू लागलं. माझा डावा हात पन्नास वर्षं कुठे बसून होता कोण जाणे, पण रुसला नव्हता. त्याला लाकूड कळत होतं. घासायचा कागद गुरुजी वापरू देत नसत, शेवटचा हात सुरीचाच. आणि त्या डाव्या हाताने, डाव्या हाताच्या सुरीने मी काय केलं? उजव्या हाताची भातवाढी. जिचा उजवा हात गेलाय तिच्यासाठी. आज लिहिताना हे हास्यास्पद वाटतं. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा मला वाटत होतं की वस्तू इतकी चांगली झाली तर हाताला यावंच लागेल.

मी ती घरी आणली. आईने गालाला लावून पाहिली. "किती मऊ गं. हे तू केलंस?"

"वाढून बघ."

इथल्या सुपरमार्केटात सुशीसाठी म्हणून मिळणारा तांदूळ आईला आवडायचा. इंद्रायणीसारखा चिकट होतो, म्हणायची. मी पातेलं तिच्यापुढे सरकवलं. तिने उजवा हात पुढे केला. मी तिची बोटं दांड्यावर मिटली, अंगठा खोबणीत बसवला. तिने भात उचलला. दोन इंच वर गेला, मग बोटं सुटली आणि भातवाढी, भात, सगळं टेबलावर. पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाढी जमिनीवर पडली.

आई डाव्या हाताने एकेक शीत टिपू लागली. सांडलेलं उचलायला तो हात चालत होता. "छान झालीये," ती म्हणाली. "जपून ठेव."

आणि मी बोलले. "फिजिओने सांगितलेले एक्सरसाइज रोज केले असतेस ना, तर आज ही वेळ आली नसती! तुला करायचंच नाहीये!"

डोक्यावरून विमान गेलं. आमच्या गावात विमान गेलं की बोलणारा वाक्य अर्ध्यावर ठेवतो आणि ते पुढे गेलं की सुरू करतो. आईही थांबली.

"माझा हात गेला गं," ती म्हणाली. "डॉक्टरांना कळलं, ताईला कळलं, मला कळलं. तू कधी मानणार?"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. मला रडताना कोणी ऐकलेलं आवडत नाही.

शनिवारी गुरुजींसमोर ती भातवाढी ठेवली. काय झालं ते मोडकंतोडकं सांगितलं. त्यांनी फळीवरून ओंडक्याचा दुसरा अर्धा भाग काढला. तो त्यांनी ठेवूनच दिला होता. माझ्या लक्षात आलं की हाताचा कागद पाहिला त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

मी तासत असताना ते त्यांच्या गावाबद्दल बोलले. त्यांच्या गावी पूर्वी सासू सुनेच्या हातात भातवाढी द्यायची. त्या दिवसापासून घर सुनेचं. कोणाला किती वाढायचं ते तिने ठरवायचं, म्हाताऱ्या बाईने पुन्हा त्या वाढीला हात लावायचा नाही. "माझ्या आईने वहिनीला दिली," ते म्हणाले. "हसत दिली. नंतर जेवताना ती बोलायची बंद झाली." मग विचारलं, "तुमच्या आईने तुम्हाला दिली?"

"नाही," मी म्हटलं. "मी घेतली."

हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा मलाच समजलं. आई आली त्या दिवशी मी तिला खुर्चीवर बसवून तिचं ताट वाढलं होतं, प्रेमाने, आणि तेव्हापासून प्रत्येक जेवणाला वाढत होते. ती कमी कमी बोलत गेली ते मी आजारावर ढकललं होतं.

दुसरी भातवाढी दोन शनिवारांत झाली. तिरकी कड दुसऱ्या अंगाला, खोबण दुसऱ्या बाजूला. गुरुजींनी ती अक्रोडाच्या तेलाच्या फडक्याने पुसली आणि सांगितलं, "वापरायच्या आधी पाण्यात बुडवा. म्हणजे भात धरून ठेवणार नाही."

आईचे तीन आठवडे उरले होते. रविवारी दुपारी नवरा बाहेर गेला होता, आम्ही दोघीच जेवायला बसलो. आई डाव्या हाताने काही घेणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून दिलं नाही, आग्रहही केला नाही. नवी भातवाढी पाण्यातून काढली आणि माझ्या डाव्या हातात धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी डाव्या हाताने वाढत होते, तेही आईला, आईच्या देखत. मी पुन्हा पाच वर्षांची झाले होते. आता ती ओरडेल, वाटलं.

वाटी ओली केली, भात दाबला, ताटात उपडी केली. मूद उभी राहिली. वरण घातलं, तूप घातलं. एक शीत बाहेर पडलं नाही.

आई मुदीकडे बघत राहिली. मग माझ्या हाताकडे.

"इतकं नीट येत होतं तुला?" ती म्हणाली.

मी तुपाचं भांडं बाजूला ठेवलं.

"आणि मी तो बांधून ठेवला." तिचे डोळे भरले. "गाठ सैल असायची ना गं?"

"सैल असायची, आई. तू बोट घालून बघायचीस."

तिने पदर बाजूला केला, डावा हात वर काढला आणि टेबलावर ठेवला. "आण इकडे," ती म्हणाली.

पहिल्या खेपेला भात वाटीबाहेर पडला. दुसऱ्या खेपेला मध्येच उजवा हात पुढे आला, जन्माच्या सवयीने, आणि वाढीला धडकला. भात परत पातेल्यात. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच. आई वैतागली. "हा मेला सारखा मध्ये येतो. मरायला टेकला तरी आपला मान सोडत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी ओढणी दे. बांध याला."

"आई, काहीतरीच काय."

"बांध. तुझा बांधला होता मी. तू शिकलीस ना?"

ओढणी माझ्या गळ्यातच होती. मी ती काढलीसुद्धा. पण मला बांधता आला नाही. मी खुर्ची तिच्या उजवीकडे ओढली, तिचा तो उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि टेबलाखाली मांडीवर धरून बसले. थंड होता, आणि पेन्सिलीने आकार काढला त्या दिवशीपेक्षा हलका वाटला. भात उचलताना तो दर वेळी माझ्या हातात ओढ घ्यायचा. मी धरून ठेवला, काचणार नाही इतपत.

आईने डाव्या हाताने वाटी भरली. दाबली. उपडी केली. मूद एका बाजूला कललेली, वर भाताची शेंडी निघालेली, पण उभी. ती तिने माझ्या ताटात वाढली होती, स्वतःच्या नाही. माझ्या चेहऱ्याकडे न बघताच तिने आणखी अर्धी वाढी भात घातला. मला हवाच होता.

"जेव," ती म्हणाली. "आणि मग ताईला फोन लाव. म्हणावं, कोथरूडचं घर उघडून झाडून ठेव."

मी जेवायला हात मोकळा करू लागले, तर तिचा उजवा हात, ज्याची बोटं दीड वर्षात कशावर घट्ट मिटली नव्हती, माझ्या हातात तसाच पडून होता. मी उजव्या हाताने तो धरूनच ठेवला. डाव्या हातानेच जेवले, आणि आई काही बोलली नाही.